पेशंट मीच आहे: एका युरॉलॉजी विभागाबद्दल

पहिल्याच दिवशी खिडकीतल्या मुलीने विचारलं, "पेशंटचं नाव?" मी माझं सांगितलं. तिने ते लिहिलं आणि मान वर न करता म्हणाली, "तुमचं नाही हो मॅडम, पेशंटचं." पुढे बाकावर बसले तर शेजारच्या काकांनी आपुलकीने चौकशी केली, "मिस्टरांचा नंबर कितवा?" मिस्टर घरी होते. ठणठणीत होते.

युरॉलॉजिस्ट (मूत्रविकारांचा डॉक्टर) म्हणजे पुरुषांचाच डॉक्टर, हा समज फक्त त्या काकांचाच नव्हता. माझाही होता. म्हणूनच तिथे पोचायला मला चौदा महिने लागले, आणि त्या चौदा महिन्यांत पाच वेळा लघवीचा संसर्ग होऊन गेला. मी गणिताची शिक्षिका आहे, वय बावन्न. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तिनदा संसर्ग झाला तर तो 'वारंवार होणारा' समजतात आणि कारण शोधायला लागतात, हे मला नंतर कळलं. म्हणजे हद्द मी कधीच ओलांडली होती, फक्त मोजलं नव्हतं. दर वेळी घरातलं कोणीतरी म्हणायचं, "उन्हाळी लागली असेल, पाणी पी." मी पाणी प्यायची, नेहमीच्या डॉक्टरांना फोन करायची, ते गोळ्या सांगायचे. एका कोर्सने बरं वाटायचं, दुसऱ्याने नुसतीच लघवी गडद पिवळी व्हायची आणि जळजळ तशीच. सहा-सात आठवड्यांनी पुन्हा पहिल्या पानावर.

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत. गेल्या आठ महिन्यांत नऊ फेऱ्या आणि एक ऑपरेशन झालं, त्या हिशोबावर हे लिहिते आहे.

आधी सिस्टरबद्दल, कारण त्या विभागात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्यांनी. लघवीचा नमुना म्हणून माझ्या हातात डबी देऊन त्यांनी तसंच पाठवलं नाही. कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात सांगितलं: आधी साध्या पाण्याने पुढून मागे धुवायचं, सुरुवातीची धार सोडून द्यायची, मधली डबीत धरायची, शेवटची पुन्हा सोडायची, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत मी किती वेळा नमुना दिला असेन. हे मला कोणीही सांगितलं नव्हतं. बाहेरचे जंतू मिसळले की रिपोर्टमध्ये भलतंच काहीतरी उगवतं आणि त्यावर औषध सुरू होतं. वर त्यांनी बजावलं, "अँटिबायोटिकची गोळी आज घेतली असेल तर आत्ताच सांगा, मग नमुना नंतर घेऊ."

डॉक्टर साधारण पंचेचाळिशीचे, बोलणं कमी. त्यांनी माझं ऐकलं आणि जुने रिपोर्ट मागितले. माझ्या पिशवीत ते होते, चुरगळलेले, कुठल्याच क्रमाने नाहीत. (वहीत तारीख न घालणाऱ्या मुलांना मी वर्षभर बोलते.) त्यांनी तीन कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि पेनाने एकाच ओळीवर तीन टिंबं दिली. पीएच ८. पीएच ८.५. पीएच ८.

"यातलं कुठलं ते पातळ औषध चालू असताना दिलेलं?"

जळजळ थांबायला जे गोडसर पातळ औषध देतात, त्यानेही लघवी अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट, होते आणि पीएचचा आकडा चढतो, म्हणून हा प्रश्न. मी आठवून सांगितलं, मधलं. बाकीची दोन औषध सुरू व्हायच्या आधीची.

"मग हे जरा वेगळं आहे," एवढंच ते म्हणाले आणि कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, लिहून दिलं.

सामान्यतः लघवी किंचित आम्ल असते, पीएच सहाच्या आसपास. माझी दोनदा, औषधाशिवाय, आठवर गेलेली. आकडा माझ्या हातात होता, छापलेला, आणि मी आकड्यांवर पोट भरते. रिपोर्टमध्ये मी फक्त 'पस सेल्स', म्हणजे पुवाच्या पेशी, बघत होते, कारण सगळे तेच बघतात. त्या दिवशी रिक्षात बसल्यावर मला डॉक्टरांपेक्षा स्वतःचाच राग आला.

कल्चरचा निकाल दोन दिवसांनी लागतो. जंतू वाढायला वेळ द्यावा लागतो, त्याला इलाज नाही. निकाल आला: प्रोटिअस मिराबिलिस, एका मिलिलिटरमध्ये एक लाखाहून जास्त. बायकांच्या लघवीच्या संसर्गात बहुतेक वेळा सापडतो तो ई. कोलाय, आतड्यातला जंतू, आणि बायकांची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर असल्याने त्याला फार लांबचा प्रवास करावा लागत नाही. पुरुषांची वीसच्या आसपास. प्रोटिअस निराळा. तो युरियाचं विघटन करून अमोनिया तयार करतो, त्याने लघवी अल्कलाइन होते, आणि अशा लघवीत मॅग्नेशिअम, अमोनिअम आणि फॉस्फेट एकत्र येऊन खडा धरतो. खड्याच्या आत जंतू राहतात. औषध लघवीतले जंतू मारतं, खड्याच्या पोटात शिरत नाही. कोर्स संपला की आतले बाहेर. रिपोर्टखाली कुठल्या औषधाला जंतू दाद देतो आणि कुठल्याला नाही याची यादी होती. नायट्रोफ्युरँटॉइनपुढे 'रेझिस्टंट'. लघवी पिवळी करणारी माझी गोळी तीच. ती वाईट औषध नाही. प्रोटिअसवर ती मुळातच चालत नाही. कल्चर न करता कोणाला कळणार?

सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडात २३ मिलिमीटरचा खडा दिसला.

मला मुतखडा होऊ शकतो हे पटायला वेळ लागला, कारण मुतखडा म्हणजे माणूस गडबडा लोळतो, असंच आजवर पाहिलेलं. माझ्या कुशीत कधी कळ आली नाही. कंबर अधूनमधून भरून यायची, ती मी फळ्यासमोर उभं राहण्याच्या खाती टाकलेली. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं: कळ येते ती लहान खडा मूत्रपिंडातून निघून खालच्या नळीत अडकतो तेव्हा. ती नळी पाव मीटरच्या आसपास लांब, पण आतून काही मिलिमीटरचीच, आणि तीन ठिकाणी आणखी अरुंद. चार-पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे बरेचदा आपले आपण पडून जातात. माझा दारातून मावणारा नव्हताच, म्हणून घरातच बसून वाढत राहिला. मोठा खडा बरेचदा गप्प असतो. हे चित्र त्यांनी चांगलं काढलं. चित्र काढून समजावणारा माणूस मला आवडतो, हा माझा पक्षपात.

मी म्हटलं, "पण माझं क्रिएटिनिन तर ०.८ आहे." (रक्तातला हा आकडा मूत्रपिंडांचं काम सांगतो; ०.८ म्हणजे नॉर्मल.) त्यावर त्यांनी अजून एक तपासणी लिहिली, डीएमएसए स्कॅन. त्यात प्रत्येक मूत्रपिंड कामाचा किती वाटा उचलतंय ते कळतं. उजवं ६३ टक्के, डावं ३७. क्रिएटिनिन दोघांची मिळून बेरीज दाखवतं; एकाने काम टाकलं तरी दुसरं ओढून नेतं आणि रिपोर्टवर 'नॉर्मल' येतं. बेरीज बरोबर आली म्हणजे उदाहरण बरोबर असतंच असं नाही, हे मी सातवीच्या मुलांना सांगते.

आता पहिली तक्रार. लघवीच्या विभागात बायकांसाठी एकच स्वच्छतागृह आहे, आणि तेही कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला, क्ष-किरण विभाग ओलांडून. सोनोग्राफीसाठी सांगतात, भरपूर पाणी पिऊन बसा, मूत्राशय भरलेलं पाहिजे. मग तुम्ही बसता. मधे एक तातडीचा पेशंट येतो. मग मशीनवरच्या डॉक्टर वॉर्डात जातात. बाकावर आम्ही सहा जणी-जण, सगळ्यांच्या मांड्या आवळलेल्या, कोणी कोणाशी बोलत नाही. एक आजोबा उठले आणि येरझाऱ्या घालायला लागले. त्यांच्या मुलाने "बसा ना बाबा" म्हटल्यावर त्यांनी ज्या नजरेने त्याच्याकडे पाहिलं ती मी विसरणार नाही. मी एक तास वीस मिनिटं धरून बसले. आत गेल्यावर सोनोग्राफीवाल्या बाई म्हणाल्या, "जरा जास्तच भरलंय, थोडी करून या." थोडी करून कशी यायची, हे कोणी शिकवलं नाही.

युरोफ्लोमेट्री मात्र नीट झाली. स्वतंत्र खोली, आतून कडी, मधे भोक असलेली खुर्ची आणि खाली नरसाळं. तुम्ही नेहमीसारखं बसून मोकळं व्हायचं, खालचं यंत्र धार किती वेगाने पडते त्याचा आलेख काढतं. माझा घंटेसारखा आला, सुरेख चढ आणि उतार. नंतर सोनोग्राफी करून आत किती उरलं ते पाहिलं: १५ मिलिलिटर. म्हणजे मूत्राशय रिकामं होतंय, दोष तिथे नाही. माझ्या आधी खोलीतून बाहेर आलेल्या काकांचा आलेख डॉक्टरांच्या टेबलावर दिसला, सपाट, लांबच लांब, एखाद्या पठारासारखा. प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढलं की असा येतो. त्यांच्यासारख्यांना एक प्रश्नावली देतात, सात प्रश्न, एकूण ३५ गुण. ७ पर्यंत सौम्य, १९ पर्यंत मध्यम, पुढे तीव्र. तीच प्रश्नावली मलाही भरायला दिली. वर ठळक अक्षरात 'प्रोस्टेट'. मी प्रामाणिकपणे भरली. गुण ९ आले. नसलेल्या अवयवाचा मध्यम त्रास.

तीन दिवसांची लघवीची डायरी मात्र खरोखर उपयोगाची. किती वाजता, किती मिलिलिटर. एक जुना मापाचा मग बाथरूममध्ये ठेवला. शाळेच्या दिवसाचा माझा हिशोब: सकाळी सहाला ३५०, त्यानंतर थेट दुपारी सव्वादोनला ३२०, संध्याकाळी १४०, झोपताना १३०. बेरीज ९४०. डॉक्टरांनी त्या मधल्या आठ तासांवर बोट ठेवलं. काय सांगणार? दोन तासिकांच्या मध्ये पाच मिनिटं, त्यात पुढचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, आणि स्टाफरूमचं स्वच्छतागृह तळमजल्यावर. म्हणून पाणीच प्यायचं नाही. माझ्या शाळेतल्या निम्म्या बायका हेच करतात आणि त्याला शिस्त म्हणतात. खडे होणाऱ्याने दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यावं, असं त्यांनी सांगितलं. प्यायलेलं अडीच नव्हे, झालेली अडीच. घाम वेगळा. बहुतेक लोक इथे चुकीचं मोजतात, मीही.

ऑपरेशन पीसीएनएल. दोन सेंटिमीटरच्या वरच्या खड्याला सहसा हेच सुचवतात. पाठीतून सुईने मूत्रपिंडापर्यंत वाट करायची, ती रुंदावून दुर्बीण घालायची, खडा आतच फोडून तुकडे बाहेर काढायचे. १९७६ मध्ये स्वीडनमधल्या दोघा डॉक्टरांनी, फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी, पहिल्यांदा हे असं केल्याचं प्रसिद्ध केलं. त्याआधी कुशीत वीतभर काप घ्यायचे. मी विचारलं होतं, बाहेरून लहरींनी फोडत नाहीत का? फोडतात. ते यंत्र डॉर्निअर या विमानं बनवणाऱ्या कंपनीकडून आलं आणि १९८० मध्ये म्युनिकला पहिल्या माणसावर वापरलं गेलं, हे मी वाचलं तेव्हा उगाचच त्याच्यावर जीव जडला. पण डॉक्टरांचं म्हणणं पडलं की एवढा मोठा खडा लहरींनी फुटला तरी तुकडे मागे राहतात, आणि संसर्गाच्या खड्याचा तुकडा राहिला तर जंतूंसकट राहतो, त्यावर पुन्हा नवा खडा धरतो. सगळा काढायचा. हे कारण मला पटलं. खर्चिक पर्याय म्हणून रेटला असं वाटलं नाही, कारण त्यांनी दोन्हीतली जोखीम सांगितली: रक्तस्राव, आणि खडा फोडताना आतले जंतू रक्तात जाऊन येणारा ताप. त्यासाठी कल्चरप्रमाणे निवडलेलं अँटिबायोटिक आधी आठवडाभर दिलं.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही, त्यामुळे त्याचा रिव्ह्यू नाही. पाठीत एक नळी, लघवीची एक नळी. दुसऱ्या दिवशी पाठीतली काढली, तिसऱ्या दिवशी दुसरी, चौथ्या दिवशी घरी. पाठीवर बोटाच्या पेरापेक्षा लहान व्रण आहे. वॉर्डातल्या मावशी पहाटे साडेचारला लघवीची पिशवी मोकळी करायला येताना दिवा न लावता मोबाइलच्या उजेडात काम करायच्या, शेजारची बाई जागी होऊ नये म्हणून. त्यांना हे करायला कोणी सांगितलं नसणार.

दुसरी तक्रार मोठी आहे. आत एक डीजे स्टेंट ठेवलेला असतो, दोन्ही टोकांना आकड्यासारखी वळलेली मऊ नळी. एक टोक मूत्रपिंडात, एक मूत्राशयात, म्हणजे सूज आली तरी लघवीची वाट बंद होत नाही. 'स्टेंट ठेवलाय, दोन आठवड्यांनी काढू' एवढंच मला सांगितलं. घरी आले त्या रात्री लघवीला बसले आणि डाव्या कुशीत अशी कळ उठली की मी नळ धरला. वर रंग लाल. दर अर्ध्या तासाने घाई. मला वाटलं, खडा राहिला, किंवा टाका सुटला, किंवा दोन्ही. रात्री एक वाजता रुग्णालयात फोन केला. ज्याने उचलला तो म्हणाला, "स्टेंट आहे ना? मग नॉर्मल आहे," आणि ठेवून दिला.

नॉर्मल आहे, खरंच. स्टेंटमुळे मूत्राशयाकडची झडप उघडी राहते, लघवी करताना जोर पडला की थोडी उलटी वर चढते, म्हणून कुशीत दुखतं. खालचं टोक मूत्राशयाला घासतं, म्हणून घाई आणि थोडं रक्त. जोर न करता सावकाश करायची, पाणी चालू ठेवायचं, आणि त्रास कमी करायला गोळ्याही असतात. ही चार वाक्यं डिस्चार्जच्या वेळी सांगायला दोन मिनिटं लागली असती. रेसिडेंट मुलीने तापाबद्दल तीनदा बजावलं होतं: १०० च्या वर ताप आणि थंडी वाजली तर फोनबिन करू नका, सरळ या. अडलेलं मूत्रपिंड आणि त्यात संसर्ग म्हणजे तासांचा खेळ, हे तिने मला पाठ करायला लावलं, आणि त्याबद्दल तिला पूर्ण मार्क. पण दुखण्याबद्दल एक अक्षर नाही. पुढच्या फेरीत मी हे डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "बऱ्याच जणांना होतं." मी म्हटलं, "म्हणून तर सांगायचं." त्यांनी मान हलवली. छापील कागद तयार झाला का, माहीत नाही. मला तरी दिसला नाही.

स्टेंटच्या बाबतीत एक गोष्ट मात्र त्यांनी चोख केली. फाइलवर भडक स्टिकर, त्यावर काढण्याची तारीख, आणि तीच नोंद एका रजिस्टरमध्ये. तारखेच्या दोन दिवस आधी फोन, आदल्या दिवशी पुन्हा. मला वाटलं केवढी घाई. मग कळलं की त्रास थांबला की लोक स्टेंट विसरून जातात, महिने जातात, आणि त्या नळीवरच खडा चढतो. मग काढायला नवं ऑपरेशन. काढताना भूल दिली नाही, बधिर करणारी जेली आणि लवचिक दुर्बीण. सिस्टर म्हणाल्या, "खोकल्यासारखं करा." मी खोकले, आणि त्यांनी हातात धरलेली निळसर नळी दाखवली. एखाद्या मिनिटाचं काम. लाज वाटेल असं वाटलं होतं, पण तेव्हा मला फक्त ती नळी किती लांब आहे याचंच आश्चर्य वाटत होतं.

खड्याचे तुकडे तपासणीला पाठवले होते. स्ट्रुव्हाइट, म्हणजे तोच मॅग्नेशिअम, अमोनिअम आणि फॉस्फेटचा खडा, सोबत कॅल्शिअम फॉस्फेट. खड्याच्या कल्चरमध्येही प्रोटिअस. म्हणजे त्या तीन टिंबांपैकी दोन खरी निघाली. सीटी स्कॅनमध्ये एकही तुकडा उरलेला नाही. एक, तीन आणि सहा महिन्यांनी कल्चर केलं, तिन्ही वेळा काही वाढलं नाही.

एक गोष्ट राहिली. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते, चांगले जंतू कमी होतात आणि संसर्ग पुन्हा पुन्हा होऊ शकतो. त्यावर योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम उपयोगी पडतं. हे मला डॉक्टरांनी सांगितलं असं म्हणणं धाडसाचं होईल. ते म्हणाले, "या वयात बायकांना... म्हणजे ते हार्मोनचं... तुम्ही गायनॅककडे एकदा..." आणि चिठ्ठी लिहायला लागले. लोकांच्या मूत्रपिंडात शिरणारा माणूस, पण हे वाक्य त्यांच्याकडून पुरं झालं नाही. उरलेलं स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, व्यवस्थित, कर्ता-कर्म-क्रियापदासकट. युरॉलॉजी विभागात एक तरी बाई डॉक्टर हवी होती, असं मला आठही महिने वाटत राहिलं.

चार तारे देते. एक कापला, त्यात अर्धा स्टेंटचा, पाव स्वच्छतागृहाचा, पाव त्या "मिस्टरांचा नंबर"चा, जरी तो काकांचा दोष असला तरी.

जाणार असाल तर जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. आणि सोनोग्राफीसाठी पाणी घरून पिऊन जाऊ नका. तिथे गेल्यावर तुमच्या आधी किती जण आहेत ते मोजा, एकेकाला पंधरा मिनिटं धरा, मधला एक तातडीचा पेशंट गृहीत धरून त्यात मिळवा, आलेल्या वेळातून एक तास वजा करा. उत्तर येईल तेव्हा पहिला घोट घ्या. मी तिसऱ्या फेरीपासून असंच केलं. फक्त एकदा उत्तर उणे आलं.